दम लागला की हसायचं

व्राना कुटुंबातली भांडणं घरात होत नाहीत. घरात शेजाऱ्यांना ऐकू जातं, आणि व्लास्ताला तिच्या स्वयंपाकघरात चढलेला आवाज खपत नाही. म्हणून तीन पिढ्यांची सगळी मोठी भांडणं व्यायामशाळेच्या मागच्या खोलीत झाली, गुंडाळलेल्या गाद्या आणि उड्या मारायच्या चामडी घोड्यांच्या मध्ये. कम्युनिस्ट राजवटीत सोकोल या व्यायामसंघावर बंदी असताना व्लास्ताचा नवरा हिनेक सरकारी कवायती शिकवायला लागला, तेव्हा त्याच्या वडिलांनी त्याच्याशी बोलणं टाकलं ते याच खोलीत. हिनेकच्या मुलीने, रादमिलाने, आपण नवऱ्याला सोडल्याचं जाहीर केलं तेही इथेच, एका गादीवर बसून, आणि हिनेकने तिला आधी पाठ ताठ कर असं सांगितलं होतं.

एप्रिलमधल्या त्या रविवारी रादमिला सगळ्यांच्या आधी आली. जुलैत प्राग शहरात स्लेत होता. सहा वर्षांनी एकदा देशभरातले सोकोलवाले त्या भल्यामोठ्या मैदानावर एका तालात हात वर करतात, आणि त्यांच्या गावातून बायकांचं एक पथक जाणार होतं. पथकाची प्रमुख रादमिला. दुपारी तालीम होती. त्याआधी घरच्यांनी खोलीत कॉफीला जमायचं ठरलं होतं. आईने पहाटे उठून आलुबुखाराच्या मुरंब्याचे बुख्ते भाजून पाठवले होते. डब्याचं झाकण उघडून रादमिला त्या गुबगुबीत पावांकडे बघत राहिली. कणीक मळताना आई किती वेळा थांबली असेल, हाच विचार तिच्या मनात येत होता. सहा महिन्यांपूर्वी हा विचार आला असता तर त्याला काही किंमत होती.

धाकटा भाऊ ओटा आला तो ओल्या कोटासकट. ब्रनोहून दोन गाड्या बदलून आला होता. तिथे तो रेडिओत ध्वनिमुद्रणाचं काम करतो. बोलणाऱ्यांचे खोकले, घोट, मध्येच घेतलेले श्वास कापून टाकतो आणि वाक्यं गुळगुळीत करून देतो.

"बाबा कुठेत?" त्याने विचारलं.

"हॉलमध्ये. बायकांनी उभं राहायच्या जमिनीवरच्या खुणा नव्याने रंगवतायत."

"आईचीसुद्धा?"

"आईची सगळ्यात आधी रंगवली."

ओटाने कोट घोड्यावर टाकला. एरवी रादमिलाने तो लगेच उचलायला लावला असता. आज तिने त्याच्यापुढे कप सरकवला.

"सकाळी आईचा फोन आला होता," ती म्हणाली. "उद्या हॉस्पिटलला कळवणार आहे म्हणे, बुधवारचं ऑपरेशन पुढे ढकला. स्लेत झाला की येते."

"आणि बाबा काय म्हणतात?"

"बाबा म्हणतात, व्लास्ता आहे ती, तुमच्यासारखी कापसाची नाही."

ओटा हसला नाही. कपाच्या कडेवरून त्याने बहिणीकडे पाहिलं. ती काय ऐकायच्या तयारीत आहे ते त्याला कळलं, आणि खरं तर म्हणूनच त्याने बोलायला नको होतं. तरी तो बोललाच.

"मी तुला ऑक्टोबरमध्ये सांगितलं होतं, ताई."

"सांगितलं होतंस."

"तू काय म्हणाली होतीस, आठवतं?"

"आठवतं. ते आता परत म्हणायला लावू नकोस."

ती म्हणाली होती, ओटा, तुला जिना चढलेल्या पोस्टमनमध्येही दमा दिसतो. त्यावर घरातले सगळे पोट धरून हसले होते, आईसुद्धा. लहानपणी ओटाला दमा होता. हॉलच्या भिंतीलगत, चढायच्या पट्ट्यांखाली, एक लांब बुटकं बाकडं आहे. डॉक्टरची सूट मिळालेली पोरं तिथे बसून बाकीच्यांचा व्यायाम बघतात. हिनेकने त्या बाकड्याला नाव ठेवलं होतं 'दवाखाना'. गावातली पोरं एक वेळ पाय मुरगळलेला लपवतील पण दवाखान्यात बसणार नाहीत. मास्तरांचा स्वतःचा मुलगा शाळेची सगळी वर्षं तिथे बसला. त्यामुळे तो कुणाच्या श्वासाबद्दल काही बोलला की घरच्यांना बाकडं आठवायचं आणि ऐकणं तिथेच संपायचं.

"माझं चुकलं," रादमिला म्हणाली. "मी तिला बूट आणून दिले रे. टेकडी चढायला. चांगले महागाचे, जाड तळव्यांचे."

ओटाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. ही दोघं एका बाजूला उभी आहेत असं या खोलीने कधी पाहिलं नव्हतं.

हिनेक आत आला तेव्हा त्याच्या बोटांना पांढरा रंग लागलेला होता. शहात्तर वर्षांचा माणूस, पण दारातून आत येताना दार त्याच्यासाठी बुटकं आहे असं वाटायचं. त्याने आधी घोड्यावरचा कोट पाहिला आणि मग मुलाला.

"आलास? घोडा म्हणजे खुंटी नव्हे."

"बाबा, बसा जरा," रादमिला म्हणाली.

"उभं राहून ऐकू येतं मला."

"आईने बुधवारी जायला हवं. तुम्ही तिला सांगा."

"तिचं हृदय आहे, ती ठरवेल. साठ वर्षं ती या छताखाली व्यायाम करतेय. तीन महिने कुठे पळून जात नाहीत."

"डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते मी तुम्हाला सांगितलंय."

"अर्धंच सांगितलंस. तिचं हृदय घोड्याचं आहे, असंही म्हणाल्या ना?"

रादमिलाने खाली पाहिलं. म्हणाल्या होत्या. मार्चमध्ये तालमीच्या शेवटी, हात डोक्यावर असताना, आई उभीच्या उभी खाली बसली होती, आणि मग शहरात तपासण्या झाल्या. हृदयाची झडप कडक होऊन इतकी आकसलीय की रक्ताला जायला फटच उरली आहे, असं निघालं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, दम कधीपासून लागतो? आई म्हणाली, कसला दम? तेव्हा रादमिलानेच सांगितलं की शरदापासून. मग तुम्ही काय केलंत, असा पुढचा प्रश्न आला, आणि रादमिला खरं तेच बोलली. आम्ही तिला टेकडीवर न्यायला लागलो, रोज सकाळी, चर्चपर्यंत. वडील ताल मोजायचे. डॉक्टरीणबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं होतं.

"घोड्याचं आहे म्हणूनच इतके दिवस कळलं नाही, असं म्हणाल्या," रादमिला म्हणाली. "दुसरी कुणी बाई असती तर केव्हाच कोसळली असती आणि केव्हाच माझ्यापर्यंत आली असती, म्हणाल्या. हिच्या हृदयाने सगळं ओढून नेलं. आता ते थकायला लागलंय, बाबा. गेल्या वर्षी हे काम सोपं होतं. आता सोपं नाही, आणि जुलैत होईल की नाही ते त्या सांगू शकत नाहीत."

हिनेक बोटांवरचा रंग खरवडत राहिला.

"या गावात मी मास्तर झालो तेव्हा पन्नाशीची बाई म्हातारी समजली जायची," तो म्हणाला. "बिअर, तूप आणि खुर्ची. आज इथल्या म्हाताऱ्या बर्फावर पडतात आणि उठून कपडे झटकतात. तालुक्याची नर्स काय म्हणते विचारा. कमरेचं हाड मोडलेलं माणूस बघायचं तर तिला पलीकडच्या गावात जावं लागतं. हे आपोआप नाही झालं. लोकांना मी खुर्चीतून उठवलं म्हणून झालं."

"कोण नाही म्हणतंय?" ओटा म्हणाला. "बाबा, तुम्ही अख्खं गाव उभं केलंत. फक्त एका बाईला बुधवारी झोपायला सांगा."

"मी आयुष्यात कुणाला बस म्हणून सांगितलं नाही. झोप तर लांबच."

"माहितीये. मी होतो तिथे."

बाहेर हॉलमध्ये बायका जमायला लागल्या होत्या. "नाझ्दार!" अशी सोकोलची हाक आणि तिला मिळणारी उत्तरं ऐकू येत होती.

"तुला एवढं कसं कळलं होतं रे?" हिनेकने अचानक विचारलं. आवाजात टोमणा होता, पण पूर्ण नव्हता. "ब्रनोत बसून? आम्ही रोज तिला बघत होतो. ती तर आनंदात होती. गेल्या वर्षात जेवढी हसली तेवढी लग्नातसुद्धा हसली नव्हती."

"मी तिला बघत नव्हतो," ओटा म्हणाला. "रविवारी फोनवर फक्त ऐकायचो. ती वाक्याच्या मध्ये थांबायची. आधी स्वल्पविरामाला थांबायची, मग शब्दाशब्दाला. माझं कामच ते आहे, बाबा."

हिनेकने पाठ आणखी ताठ केली आणि तो खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

व्लास्ता या वेळी दाराबाहेर उभी होती. ऐकायला म्हणून थांबली नव्हती. पायऱ्या चढून आल्यावर तिला हल्ली थांबावंच लागायचं, आणि थांबण्याचं काहीतरी कारण लागायचं. घरी ती फुलदाण्या नीट करत थांबायची. टेकडीवर बुटाच्या सुटलेल्या नाडीचं निमित्त करायची. इथे नात बेत्का बरोबर होती, म्हणून तिने बेत्काच्या जाकिटाची कॉलर सरळ करायला घेतली.

"आजी, कॉलर सरळच आहे," बेत्का म्हणाली.

"असू दे."

बेत्का बावीस वर्षांची, फिजिओथेरपी शिकत होती. बसमध्ये येताना ती आजीला म्हणाली होती, तुझं शरीर आहे आजी, तू ठरव, मी कुणाला तुझ्यावर जबरदस्ती करू देणार नाही. व्लास्ताला ते फार बरं वाटलं होतं. आपल्या बाजूने एक तरी माणूस आहे असं वाटून ती पायऱ्या जरा जोरातच चढली होती.

दोघी आत आल्या तसा रादमिलाने डबा पुढे केला. व्लास्ताने त्यांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि डबा बाजूला ठेवला.

"माझ्यावर सभा भरलीय का?"

"आई, बुधवारी जा," ओटा म्हणाला.

"बघ, रेल्वेच्या दोन तिकिटांचे पैसे घालून हेच सांगायला आलास. फोनवर फुकटात सांगता आलं असतं." ती त्याच्याकडे बघून हसली. "जाणार आहे मी. जुलैनंतर. पुढचा स्लेत येईल तेव्हा मी एकोणऐंशीची असेन, किंवा नसेन. माझी खूण रिकामी राहिली तर रांग मोडते. आठ बायकांच्या फुलात सात पाकळ्या दिसतात. तुम्हाला नाही कळणार."

"रांग मोडणार नाही, आई," रादमिला पटकन म्हणून गेली. "बेत्काला सगळं येतं."

व्लास्ताने वळून नातीकडे पाहिलं. बेत्का बुटांच्या नाड्यांकडे बघत होती.

"काय येतं?"

"तुझी जागा," बेत्का हळू आवाजात म्हणाली. "आईने शिकवली. मार्चपासून."

"माझी खूण? वळणं, हात, सगळं?"

"हो."

"मी जिवंत असताना."

"तू जिवंत राहावीस म्हणून," रादमिला म्हणाली. तिचा आवाज फुटला आणि तिने डब्याचं झाकण लावायला घेतलं. ते काही केल्या बसेना.

"आणि बसमध्ये मला म्हणत होतीस, आजी तू ठरव," व्लास्ता नातीला म्हणाली.

"अजूनही तेच म्हणतेय, आजी. तू नाही म्हणालीस तर मी खुणेवर पाय ठेवणार नाही. पण तू खाली पडलीस तर तिथे कुणीतरी असावं म्हणून शिकले."

व्लास्ताला राग यायला हवा होता. आला तो राग नव्हता. तिने नवऱ्याकडे पाहिलं. हिनेक खिडकीपाशी उभा होता, नेहमीसारखा, छाती पुढे.

खरं काय ते तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. स्लेत तिला हवाच होता, ते खोटं नाही. पण त्याहून मोठी एक भीती होती. चाळीस वर्षांपूर्वी छोटा ओटा पहिल्यांदा त्या बाकड्यावर जाऊन बसला तेव्हा हिनेकने त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर तिच्या लक्षात होती. त्या नजरेत राग नव्हता. नाव पुसून टाकावं तशी ती नजर होती. ती स्वतः तेव्हा बायकांच्या रांगेत होती, हात वर धरून. मुलाजवळ जाऊन बसावं असं तिच्या मनात आलं, पण ताल चालू होता आणि तिने हात खाली घेतले नाहीत. ती गोष्ट आता कुणाला सांगून काय होणार? मात्र तशी नजर आपल्यावर पडली तर ती सोसणार नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. त्यापेक्षा मैदान बरं.

"हिनेक," ती म्हणाली, "तू काय म्हणतोस?"

खोलीतले सगळे त्याच्याकडे बघायला लागले. रादमिला, ओटा, बेत्का. एक शब्द पुरला असता.

"तालमीची वेळ झाली," हिनेक म्हणाला, आणि दार उघडून हॉलमध्ये गेला.

व्लास्ता त्याच्या मागोमाग निघाली. दारात ती मुलांकडे वळून हसली. ते हसू इतकं छान होतं की रादमिलाला क्षणभर वाटलं, कदाचित आपणच उगाच घाबरतोय.

हॉलमध्ये बायका आपापल्या खुणांवर उभ्या राहिल्या. बेकरीवाली, दोघी शिक्षिका, टपाल खात्यातून निवृत्त झालेली बाई, कुणाच्या सुना, कुणाच्या सासवा. ओटा गेला तो सवयीने सरळ बाकड्याकडे, आणि चढायच्या पट्ट्यांना पाठ टेकून बसला. बेत्का त्याच्या शेजारी उभी राहिली. बसली नाही. हिनेक लाकडी चौथऱ्यावर चढला. बायकांची प्रमुख रादमिला असली तरी चौथरा त्याचा होता, ते कुणी काढून घेतलं नव्हतं.

"बायांनो, पाठ ताठ. आणि नियम विसरू नका," तो म्हणाला.

नियम सगळ्यांना पाठ होता. तो हिनेकचाच. मैदान एवढं मोठं असतं की प्रेक्षकांना नुसते हात दिसतात, पण टीव्हीच्या पडद्यावर चेहरे दिसतात. चौथ्या-पाचव्या मिनिटाला छाती फुटायला लागते. तेव्हा तोंड वासायचं नाही, कपाळाला आठी घालायची नाही. दम लागला की हसायचं. जितका जास्त दम, तितकं मोठं हसू. गावातल्या तीन पिढ्यांना त्याने हे शिकवलं होतं. शाळेतली पोरं शर्यत हरताना हसायची, बाया बर्फ उपसताना हसायच्या. परगावच्या लोकांना ते गाव जरा खुळं वाटायचं.

संगीत सुरू झालं. बायका वळल्या, वाकल्या, फुलं झाली, फुलं उलगडली. हिनेक ताल मोजत होता आणि सवयीने व्लास्ताकडे बघत होता. तिची खूण पहिल्या रांगेत होती, मधोमध, नुकती रंगवलेली. ती सुरेख करत होती. तो मनात म्हणाला, बघा, आणि बाकड्याकडे नजर टाकली. ते म्हातारं मन अजूनही मुलाला हरवायला बघत होतं.

ओटा बघत नव्हता. त्याने डोळे मिटले होते. डोकं किंचित कलतं करून तो ऐकत बसला होता.

हिनेकने परत व्लास्ताकडे पाहिलं. संगीताचा पहिला भागच चालू होता. कुणाला दम लागायची वेळ अजून आली नव्हती. बेकरीवालीचा चेहरा साधा होता. शिक्षिका गंभीर होत्या, पावलं आठवत होत्या. टपालवाली तर चक्क कंटाळलेली दिसत होती. अख्ख्या हॉलमध्ये हसत होती ती एकटी व्लास्ता.

ती मोठं हसत होती. दात दिसेपर्यंत.

त्याचा ताल चुकला. पन्नास वर्षांत असं झालं नव्हतं, म्हणून बायकांना वाटलं की यात काहीतरी नवीन आहे, आणि दोघी-तिघी उलट्या वळल्या. हिनेकला टेकडी आठवली. शरदातली सकाळ, तो पुढे, ती मागे. तो वळून वळून बघायचा आणि ती हसत असायची. चर्चजवळ पोचेपर्यंत तिचं हसू चेहराभर व्हायचं, आणि तो खूश होऊन म्हणायचा, बघ, मानवतंय तुला, उद्या जरा जोरात चढू. नाताळात माशाचं ताट आणताना ती हसत होती. गादीची चादर बदलताना हसत होती. मध्यरात्री पलंगाच्या कडेवर उठून बसलेली असायची, आणि त्याने दिवा लावला की हसायची. त्याला वाटायचं, म्हातारपणी बायको आपल्यावर नव्याने भाळली आहे. या वयात हे सुख मिळालं म्हणून त्याने मनातल्या मनात देवाचे आभारसुद्धा मानले होते.

संगीत चालूच होतं. हिनेक चौथऱ्यावरून खाली उतरला. बायकांच्या रांगांमधून तो चालत गेला, तसे त्यांचे हात एकेक करून खाली आले. व्लास्ताचे तेवढे वर राहिले. तो तिच्यापाशी थांबला नाही. सरळ भिंतीकडे गेला आणि बाकड्यावर, दवाखान्यात, ओटाच्या शेजारी बसला. बाकडं त्याच्या उंचीला फार बुटकं होतं. गुडघे छातीपर्यंत आले. ओटाने डोळे उघडले, बापाकडे पाहिलं, आणि तो जरा पलीकडे सरकला.

कुणीतरी संगीत बंद केलं.

"व्लास्ता," हिनेक म्हणाला. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये त्याचा आवाज कधी इतका लहान निघाला नव्हता. "इकडे ये. बस."

ती खुणेवरच उभी राहिली. तिने त्याच्या डोळ्यांत पाहिलं. चाळीस वर्षं जिची भीती बाळगली ती नजर तिथे आहे का, ते ती शोधत होती. ती तिथे नव्हती. तिथे एक घाबरलेला म्हातारा होता.

मग ती चालत आली. अंतर थोडंच होतं, तरी ती मध्ये एकदा थांबली, आणि या वेळी तिने कुठलंही कारण शोधलं नाही. बाप-लेकाच्या मध्ये जागा होती तिथे ती बसली. बसल्या बसल्या तिने सवयीने नवऱ्याकडे बघून हसायला सुरुवात केली.

"नको," हिनेक म्हणाला. "हसू नकोस."

तिचं हसू जायला वेळ लागला. ते इतके दिवस तिथे होतं की गाल ते सोडायला तयार नव्हते. मग ते गेलं, आणि खाली जो चेहरा होता तो हिनेकने वर्षभरात पाहिला नव्हता. ओठांच्या कडा निळसर होत्या. डोळ्यांखाली खळगे पडले होते. ती तोंड उघडून श्वास घेत होती, आणि प्रत्येक श्वास कुठूनतरी लांबून ओढून आणल्यासारखा येत होता. ही बाई त्याच्या शेजारी झोपत होती. त्याने तिचा हात हातात घेतला. त्याच्या बोटांवरचा पांढरा रंग तिच्या मनगटाला लागला.

"मी रोज तुझ्याकडे बघत होतो गं," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली. मध्ये थांबली. मग म्हणाली, "आणि मला वाटायचं, तुला कळेल."

रादमिला रांगेत उभी राहून तोंडावर हात दाबून रडत होती. बायका कुठे बघावं ते न कळून खुणांकडे बघत होत्या. बेत्का जागची हलली नव्हती. व्लास्ताने मान वर करून तिला पाहिलं.

"जा," ती म्हणाली. "फूल अर्धं राहिलंय."

बेत्काने बूट काढले आणि ती पहिल्या रांगेत जाऊन उभी राहिली. रंग अजून पुरता वाळला नव्हता. रादमिलाने डोळे पुसले, चौथऱ्यावर चढली आणि स्वतः ताल मोजायला लागली. आवाज कापत होता, पण ताल बरोबर होता. बाकड्यावरून हॉल वेगळाच दिसतो. हात दिसत नाहीत, पायच पाय दिसतात, आणि सगळं आपल्यावाचून चाललेलं असतं. हिनेक ते बघत होता. इथून इतकी वर्षं बघत आलेला मुलगा त्याच्या बायकोच्या पलीकडे बसला होता. हिनेकने व्लास्ताच्या पाठीमागून हात लांबवून ओटाच्या खांद्यावर ठेवला. ओटाने तो राहू दिला.

"उशीर झालाय ना रे?" व्लास्ताने मुलाला विचारलं.

ओटा तिच्याकडे वळला. मग म्हणाला, "झालाय, आई. पण बुधवार अजून यायचाय."

तिने मान हलवली. समोर फूल उघडत होतं, आठही पाकळ्यांनी. ती ते बघत राहिली, आणि मग नवऱ्याकडे वळली.

"बुधवारी तू येशील? ऑपरेशनच्या दारापर्यंत?"

हिनेकने होकार द्यायला तोंड उघडलं. छाती दाटून आली, श्वास अडकला, आणि आयुष्यभराच्या सवयीने त्याचे ओठ आपोआप हसायला फाकले.

व्लास्ताने रंग लागलेला हात वर करून त्याच्या तोंडावर ठेवला.

"तूही नको," ती म्हणाली.